क्रॉफर्ड मार्केट: आधी इमारत, मग खरेदी

आमच्या घरात क्रॉफर्ड मार्केट हा वहिनीचा प्रांत. केकचे साचे, सुकामेवा, वाढदिवसाची सजावट, सगळं तिथूनच येतं. या वेळी मीही तिच्याबरोबर निघाले, पण एका अटीवर: आधी इमारत बघायची, पिशव्या नंतर उघडायच्या. वहिनीने ‘बरं बरं’ म्हटलं आणि पहिल्या अंजिराच्या दुकानापर्यंत शब्द पाळला.

सीएसएमटीला उतरून चालत जाणं उत्तम. डी. एन. रोडने टाइम्सची इमारत, अंजुमन-ए-इस्लाम, जेजे ही कलाशाळा असं बघत दहा-बारा मिनिटांत मंडईचा मनोरा समोर येतो. टॅक्सी करू नका, शेवटच्या चौकात ती जेवढा वेळ उभी राहील तेवढ्यात तुम्ही चालत पोहोचाल. भुयारी मेट्रोनेही सीएसएमटीला उतरता येतं. सकाळी साडेआठ-नऊची वेळ चांगली: दुकानं उघडलेली असतात आणि माणसांचा लोंढा अजून यायचा असतो. रविवारी गेलात तर बरीच दुकानं बंद दिसतील. अर्थात फक्त दगड बघायचे असतील तर रविवारच बरा.

आत घुसण्याआधी चौकाच्या पलीकडे उभं राहून पाच मिनिटं वर बघा. कोपऱ्यावर १२८ फुटी घड्याळाचा मनोरा, खाली मोठ्या कमानींची प्रवेशद्वारं आणि दोन्ही अंगांना लांबच लांब पसरलेली मंडई. भिंतींचा पिवळसर खरबरीत दगड कुर्ल्याचा, मधूनमधून दिसणारा तांबूस दगड वसईचा. म्हणजे दगड जवळपासचेच, बांधायची तऱ्हा मात्र युरोपातली, नॉर्मन आणि फ्लेमिश. कमानींवरच्या शिल्पपट्टांत पिकात राबणारे आपल्याकडचे शेतकरी आहेत. ते लॉकवूड किपलिंगचं काम. हा १८६५ मध्ये जेजेत शिल्पकला शिकवायला आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जेजेच्या आवारात त्याला मुलगा झाला, तो ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड. या पट्टांखालून रोज हजारो माणसं जातात. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात मान वर करणारं दुसरं कुणी दिसलं नाही. अर्थात खांद्यावर पेटी असलेल्या माणसाने मान वर करावी तरी कशी?

वास्तुकार विल्यम एमर्सन. लंडनच्या विल्यम बर्जेसचा हा शिष्य गुरूने केलेले जेजेचे आराखडे घेऊन १८६४ मध्ये मुंबईत आला. त्या आराखड्यांचा खर्च झेपणारा नव्हता, ते बारगळले. एमर्सन मात्र राहिला, आणि १८६९ मध्ये पुरी झालेली ही मंडई त्याच्या नावावर लागली. पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्यानेच आखलं. मला विचाराल तर मंडई त्याहून सरस आहे, कारण तिला रोज काम करावं लागतं.

ते काम कसं चालतं हे आत गेल्यावर कळतं, आणि बहुतेक लोक नेमकं हेच न बघता परततात. मधल्या दालनातून एका बाजूला १५० फूट लांब आणि १०० फूट रुंद पाखं निघतं, दुसऱ्या बाजूला ३५० फूट लांब आणि रुंदीला पहिल्याएवढंच. धाकटं मुळात फळाफुलांसाठी होतं, थोरलं भाजी-मसाल्यांसाठी. वर दुहेरी लोखंडी छप्पर, आणि उजेड आत यावा म्हणून पंधरा मीटर उंचीवर छपरात ठेवलेली झरोक्यांची रचना. एखाद्या गाळ्याच्या कडेला उभं राहून छपराकडे बघा: लोखंडी कैच्या एकामागून एक लांब जातात, त्यांच्यामधून फिकट उजेड झिरपतो आणि खाली पपईच्या ढिगावर पडतो. बाहेर घाम फुटत असताना इथे अंगाला वारा लागतो. फळं नासू नयेत म्हणून केलेली ही सोय. पायाखालची जुनी फरसबंदी तर थेट स्कॉटलंडच्या केथनेसहून आलेली. त्या फरशीवर तेव्हापासून पाणी, साल, चिखल, हातगाड्यांची चाकं असं सगळं चाललंय. घसरणाऱ्या चपला घालून जाऊ नका एवढं सांगते.

१८८२ मध्ये इथे विजेचे दिवे लागले. मुंबईत तेव्हा वीज ही अपूर्वाई. पण दिवे लावणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या उजेडात गेली.

आता नावाची गंमत. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, १८६५ ते १८७१. ऐन कापसाची तेजी कोसळली त्या वर्षी तो खुर्चीत बसला, आणि तरी त्याने हात सैल सोडून खर्च केला. रस्ते झाले, सफाई झाली, ही मंडई झाली, आणि पालिका कर्जात गेली. करदाते खवळले, साहेबाला जावं लागलं, १८७२ मध्ये पालिकेचा कायदाच नवा आला. पुढे १८८८ मध्ये हाच क्रॉफर्ड पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर असताना लाचेच्या प्रकरणात सापडला. अभयाच्या वचनावर ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याची कबुली दिली, त्यांच्यावरच सरकार उलटलं, तेव्हा टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. आज मंडईचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, शेजारून जातो तो लोकमान्य टिळक मार्ग, आणि टॅक्सीवाल्याला विचारायचं ते ‘क्रॉफर्ड मार्केट’च.

एमर्सनने आखलेलं आणि किपलिंगने कोरलेलं कारंजं आतल्या चौकात आहे. ते चुकवू नका. पक्षी-प्राणी जवळून बघण्यासारखे आहेत. मागच्या भागात पुनर्विकासाचं काम बरीच वर्षं रेंगाळलंय, त्यामुळे कुठे पत्रे, कुठे वळसा, याची तयारी ठेवा. वारसा यादीतल्या पहिल्या श्रेणीच्या इमारतीभोवती असा पसारा बघून चीड येते, पण मूळ वास्तू पाडली नाही हेही नसे थोडके.

फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला गेला. उरली ती किरकोळ दुकानं, तरी एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या आणि पेंढा यांनी वाट अडतेच. एका फळवाल्या काकांना फोटोबद्दल विचारलं तर म्हणाले, “काढा ना ताई, पण आधी आंबा घ्या.” घेतला. भाव त्यांनी सांगितला त्याच्या पाऊणपटीला सुटला. वहिनीच्या मते निम्म्याला सुटायला हवा होता.

फोटो काढताना विचारून काढा, आणि समोरच पोलीस आयुक्तालय आहे, त्या दिशेला कॅमेरा रोखून उगाच प्रश्न ओढवून घेऊ नका. हमालांच्या वाटेत थांबू नका, ‘बाजू, बाजू’ ऐकू आलं की खरंच बाजूला व्हा. पाळीव प्राण्यांच्या गाळ्यांमध्ये पिंजऱ्यात कोंबलेले पक्षी बघून मला तरी भडभडून आलं. लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे न वळलेलं बरं. मटणाचा भागही आहे, ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी दर्शनी पाख्यांतच राहावं. रोख आणि सुटे पैसे जवळ असू द्या, पाठीवरची सॅक पुढे घ्या.

इमारतीला नीट बघायला तासभर पुरतो. त्यानंतर उन्हाने जीव कासावीस झाला की रस्त्यापलीकडे बादशाहचा फालुदा आहेच. कपडा घ्यायचा असेल तर मंगलदास मार्केट चालत दोन-चार मिनिटांवर. आमच्या वहिनीला तिथे नेऊ नका, दुपारची गाडी चुकते.