नाल्यात पाणी मोजायची परवानगी : माझा अनुभव

नागपूर जिल्ह्यात कुणाला एखाद्या नाल्यावर व्ही-नॉच (इंग्रजी V सारखी खाच कापलेली पत्र्याची पाटी) बसवून पाणी मोजायचं असेल, तर आधी एवढं करा : अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझा सगळा हिवाळा त्या शिक्क्यापायी गेला, म्हणून हे पहिल्यांदा.

हिंगणा तालुक्यात आमच्या शेताला लागून नाला आहे. काठावर करंज, उंबर, जांभूळ. खोलीकरणाची चर्चा सुरू झाली तशी गावात दोन मतं पडली. झाडं पाणी पितात, जेसीबी लावून काठ साफ करा, असं काही म्हणत. झाडं आहेत म्हणून काठ टिकलाय, असं बाकीचे. मोजून पाहू म्हटलं, ते सरपंचांना पटलं. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, गाव नकाशा सगळं लगेच मिळालं.

अडलं ते एका कार्यालयात. नाव लिहीत नाही. बाबूंनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हा नाला आमच्यात येत नाही." ज्यांच्याकडे पाठवलं, त्यांनी परत इकडेच पाठवलं. मग विचारलं, नाला कोणाच्या गटातून जातो? त्यांची संमती आणा. आता नाल्याला गट नंबरच नाही, तो दोन गटांच्या मधून वाहतो, आणि एका बाजूचे मालक पुण्याला राहतात. त्यांचं पत्र आणलं, तर साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले, तर म्हणाले बंधाऱ्याला तांत्रिक मान्यता लागते, अंदाजपत्रक जोडा. मी पत्र्याची पाटी टेबलावर ठेवली. म्हटलं, साहेब, बंधारा कुठे आहे यात, ही तर उचलून घरी नेता येते. फाइल तरीही हलली नाही. मला राग याचा येतो की तिकडे नाल्याचं पाणी रोज उतरत होतं. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, हा नाला फेब्रुवारीनंतर आटतो, आणि झाडं किती पाणी ओढतात हे कळतं ते नेमकं अशा संथ वाहत्या दिवसांतच.

शेवटी दोन गोष्टींनी काम झालं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० छापून जोडलं. नदी-नाल्यांचं पात्र, ते दुसऱ्या कुणाच्या मालकीचं नसेल तर, शासनाचं असतं, असं त्यात स्पष्ट आहे. आणि अर्जाच्या विषयात लिहिलं : 'तात्पुरती मोजपाटी, पावसाळ्यापूर्वी काढून घेण्यात येईल'. खाली एक ओळ, नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे. लेखी नकार द्यायला कुणीच तयार नव्हतं. परवानगी आली.

हातात थोडेच आठवडे उरले, पण जे दिसलं ते बघण्यासारखं होतं. पहाटे पातळी चढलेली, दुपार उलटली की सगळ्यात खाली, रात्री परत वर. मुळं दिवसा काठच्या ओलीतून पाणी ओढतात, रात्री थांबतात. ढगाळ दिवशी हा फरक कमी दिसायचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात कोवीटा इथे १९३४ पासून जलविज्ञानाची प्रयोगशाळा आहे. तिथे काठची झाडी तोडून पाहिली, तेव्हा दिवसाचा हा चढउतार जवळपास बंद झाला होता. म्हणजे झाडं पाणी पितात हे खरं, आणि मी ते ग्रामसभेत लपवलं नाही.

पण पुराचं गणित वेगळं. स्वच्छ, सरळ नाल्याला मॅनिंगचा गुणांक (पात्र पाण्याला किती अडवतं त्याचं माप) ०.०३ च्या आसपास धरतात, दाट झुडपात तो ०.१ पर्यंत जातो. खोली आणि उतार तेवढाच असेल तर वेग एक तृतीयांशाखाली येतो. काळी माती धरून ठेवायला हेच लागतं. पात्रात मधोमध माजलेली बेशरम (हे झुडूप) मात्र काढा; ती पाणी अडवून शेतात घालते. काठची झाडं ठेवून फक्त बेशरम काढायचं ठरलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

राहिलंच : पातळी पाटीला चिकटून वाचू नका, पाणी खाचेकडे वाकायला लागतं त्याच्या बरंच मागे, वरच्या प्रवाहात वाचा. ९० अंशांच्या खाचेत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर, ९ सेंटिमीटर म्हणजे ३.४. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे जवळपास पाव पाणी गेलं. आणि अर्ज दिवाळीच्या आधी द्या, नंतर नको.