नांगर, धक्का आणि दोघांतलं बोलणं : या सीझनचं अपडेट

या सीझनला ठरवून एकच विषय हातात घेतला होता, नांगर टाकताना आणि धक्क्याला लागताना आम्ही दोघं एकमेकांशी काय बोलतो, कधी बोलतो आणि त्यातलं समोरच्यापर्यंत किती पोचतं. बोट तीच, शिडाची, ३३ फुटी, मी सुकाणूवर आणि नवरा पुढे बोवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर. सेल ट्रिम (शिडं जुळवणं), रीफिंग (जोराच्या वाऱ्यात शिड लहान करणं) वगैरे सगळं बाजूला ठेवलं कारण आमच्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक जोडप्याचा आवाज चढतो तो इथेच, भर समुद्रात नाही तर शेवटच्या वीस मीटरमध्ये.

आधी एक गोष्ट पक्की कळली ती सांगते. ओरडणं सुरू होतं ते रागामुळे नाही, ऐकू येत नाही म्हणून. नांगर टाकताना बोट वाऱ्याच्या तोंडावर असते, पुढचा माणूस खाली साखळीकडे बघतोय, त्याची पाठ माझ्याकडे, पायाशी विंडलास (साखळी सोडायचं-ओढायचं यंत्र) घरघरतोय आणि माझ्या पायाखाली इंजिन. माणसाच्या तोंडातून व्यंजनांचा बारीक तीव्र आवाज बराचसा समोरच जातो, डोक्याच्या मागे स्वरच तेवढे नीट पोचतात, म्हणजे पाठमोऱ्या माणसाचं बोलणं मला 'आ ओ ए' असं काहीतरी ऐकू येतं. मग तो आवाज वाढवतो, मी वाढवते, आणि वाढवलेला आवाज कानाला रागाचाच वाटतो, मनात काही का असेना. त्यामुळे 'शांतपणे बोलूया' असं ठरवून काही होत नाही, ओरडायची गरजच काढून टाकावी लागते.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आमच्या आपल्या मराठीतलंच आहे. दोर 'सोड' आणि दोर 'ओढ'. वाऱ्यात 'स' उडून जातो, उरतो 'ओड', आणि अर्थ बरोब्बर उलटा! प्रॅक्टिस करताना मुद्दाम पाठमोरं उभं राहून एकमेकांना या दोन ऑर्डरी देऊन बघितल्या, फरकच कळेना. आता आमच्याकडे 'सोड' बंद, 'ओढ' पण बंद. त्याऐवजी 'ढील' आणि 'खेच', पतंगाचे शब्द, लहानपणापासून हातात बसलेले, आणि दोन्हीतला एकही आवाज एकमेकांसारखा नाही. ज्यांना हे फालतू वाटेल त्यांच्यासाठी, ब्रिटिश नौदलात डाव्या बाजूला आधी 'लारबोर्ड' म्हणायचे, तो उजव्या बाजूच्या 'स्टारबोर्ड'शी फार जुळायचा म्हणून १८४४ साली ऑर्डर काढून 'पोर्ट' केला. म्हणजे शिकलेले खलाशी सुद्धा वाऱ्यात गोंधळायचे.

डावं-उजवं पण असंच. पुढचा माणूस मला ऐकू जावं म्हणून तोंड मागे वळवून बोलला की त्याचं उजवं माझं डावं होतं. पोर्ट-स्टारबोर्ड म्हणावं, किंवा त्याहून सोपं म्हणजे हाताने दाखवावं, हात कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी तिकडेच दाखवतो.

आता हातांच्या खुणा. इंटरनेटवर दहा तक्ते मिळतील, कुठलाही घ्या, पण स्वतःच्या बोटीवर उभं राहून तपासा. आमच्या बोटीवर मी व्हीलमागे (सुकाणूच्या चाकामागे) उभी असते तेव्हा मास्ट (डोलकाठी) आणि स्प्रेहूड (पाण्याचे फवारे अडवणारं कापडी छत) मिळून बोचा मधला भाग पूर्ण झाकतात, तो मधोमध उभा राहिला तर मला त्याचे फक्त खांदे दिसतात. आणि माणूस सवयीने खूण छातीसमोर करतो, जी पाठीमागून दिसतच नाही. म्हणून नियम केला, तो कायम स्टारबोर्ड बाजूला रेलिंगला टेकून आणि खूण नेहमी हात अंगापासून लांब बाजूला काढून, खुणेनंतर हात लगेच खाली घ्यायचा नाही, मी तशीच खूण परत करेपर्यंत धरून ठेवायचा. हे परत करणं फार महत्त्वाचं आहे, मोठ्या जहाजांवर सुकाणूवाला ऑर्डर मोठ्याने परत म्हणतो तेच हे.

खुणा मोजक्याच ठेवल्यात. लांब केलेला हात म्हणजे साखळी कुठल्या दिशेला जातेय, पंजा पुढे म्हणजे हळू पुढे, मागे म्हणजे रिव्हर्स, मूठ म्हणजे न्यूट्रल आणि थांब. हाताची बोटं म्हणजे किती साखळी गेली, एक बोट दहा मीटर, आमच्या साखळीवर दर दहा मीटरला रंगाच्या पट्ट्या आहेत. अंगठा वर ही खूण आम्ही काढूनच टाकली. एकाला ती 'छान, ओके' वाटते, दुसऱ्याला 'नांगर वर घे', आणि डायव्हिंग करणाऱ्यांसाठी तर त्याचा अर्थ सरळ 'वर चला' असा आहे. ओकेसाठी आम्ही डोक्यावर हात ठेवतो, लांबून पण दिसतं.

पण खरी प्रगती झाली ती खुणांमुळे नाही, बोलणं आधी संपवल्यामुळे. आता जागेवर पोचायच्या बऱ्याच आधी, इंजिन हळू असताना दोघं कॉकपिटमध्ये (मागे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत) समोरासमोर बसून बोलतो. समजा पाणी ५ मीटर, बोची उंची १ मीटर, भरतीने अजून २ मीटर चढणार, म्हणजे ८, पाचपट धरली तर ४० मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट, जागा असेल तर. हा आकडा दोघांनी तोंडाने म्हणायचा. मग कुठे टाकायचा, टाकल्यावर मागे कुठे येऊन थांबणार, शेजारची बोट किती फिरेल, आणि नाही बसला तर कुठल्या बाजूने बाहेर पडायचं. हे सगळं झालं की पुढे जाऊन बोलायला फारसं काही उरतच नाही, चार बोटं दिसली की ४० गेली हे मला माहीत असतं.

नांगर बसलाय की नाही हे सांगायची पण पद्धत बदलली. आधी प्रश्न असायचा 'बसला का?' आणि उत्तर 'वाटतंय तरी'. आता दोघं फक्त आपल्याला काय दिसतंय ते सांगतात. त्याचं काम साखळी, विंडलास बंद, हाताची बोटं साखळी जिथून खाली जाते त्या रोलरपासून लांब, आणि तळवा साखळीवर हलका टेकवलेला. नांगर घसरत असेल तर साखळीत खडखड थरथर जाणवते, मध्येच ढिली पडते, परत ताणते. बसला असेल तर ती हळूहळू ताठ होत जाते आणि गप्प राहते. माझं काम आडव्या बाजूला किनाऱ्यावर एकामागे एक असलेल्या दोन वस्तू पकडणं, पुढचं झाड आणि मागचा खांब वगैरे, रिव्हर्स हळूहळू वाढवत नेताना दोन्ही एका रेषेत राहिल्या तर बोट जागेवर आहे. तो म्हणतो 'ताठ, गप्प', मी म्हणते 'रेषेत', संपलं. मतं नाहीत, निरीक्षणं. मतावर वाद होतो, निरीक्षणावर होत नाही, निदान आमचा तरी झाला नाही.

धक्क्याचं जरा वेगळं आहे कारण तिथे वेळ कमी आणि आवाजाला अंतर पण कमी. तिथे सगळा भर आकड्यांवर. सुकाणूवरून बोच्या पुढचे शेवटचे काही मीटर पाणी दिसतच नाही, म्हणून पुढचा माणूस हेच माझे डोळे. 'अजून थोडं', 'आलं आलं', 'जपून' याने मला काहीच कळत नाही, मीटर सांगितले की कळतं. पाच, चार, तीन, आणि अंतर बदललं नाही तरी 'तीनच, तीनच' म्हणत राहायचं, कारण तो गप्प झाला तर मला कळत नाही की सगळं ठीक आहे की तो दोरात अडकलाय. दोघांचा मीटर एकच असावा म्हणून शांत दिवशी मोकळ्या पाण्यात एक फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून लावतात तो फुगा) टाकून त्याच्याजवळ जात राहिलो, तो आकडा सांगणार, मी थांबवणार, मग बोटहुकने (लांब दांडीच्या हुकने) मोजायचं. ही प्रॅक्टिस सगळ्यांनी कराच, अगदी कंटाळवाणी आहे आणि फार उपयोगी.

प्लॅन इथे पण आधीच. 'पोर्ट साइड लावतोय, वारा धक्क्यावरून बाहेर ढकलतोय म्हणून बो लांब जाणार, पहिला दोर मधला स्प्रिंग, तो मागच्या क्लीटला, बाकी काही नाही.' तो हेच परत म्हणतो. (मधला स्प्रिंग म्हणजे बोटीच्या मध्यातून धक्क्यावर मागे जाणारा दोर, क्लीट म्हणजे दोर अडकवायची खुंटी.) मधला स्प्रिंग एकदा क्लीटवर गेला की मी पुढचा गिअर आयडलवर आणि व्हील धक्क्याच्या उलट बाजूला, बोट आपोआप धक्क्याला चिकटून राहते आणि मग बाकीचे दोर आरामात. आमचा प्रोपेलर उजव्या हाताचा आहे (पुढे जाताना मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा), रिव्हर्समध्ये स्टर्न, म्हणजे बोटीचा मागचा भाग, पोर्टला ओढला जातो, म्हणून चॉइस असेल तर पोर्ट साइडच, हे त्याला पण माहीत असलं की तो 'अगं मागचा भाग का सरकतोय' असं विचारत नाही. आणि उडी नाही, कधीच नाही, मास्टच्या बाजूच्या तारा धरून पाऊल टाकता येत असेल तरच उतरायचं. हाताने पायाने बोट अडवायची पण नाही, पाच-सहा टन वजन आहे ते.

धक्क्यावर उभे असलेले मदतीला येणारे लोक हा तिसरा संवाद, आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात. ते मनापासून येतात, बोचा दोर घेतात आणि जोरात खेचतात, बो आत, स्टर्न बाहेर, सगळा प्लॅन उलटा. आता आम्ही दोर हातात देतानाच सांगतो, 'हा त्या मागच्या क्लीटला फक्त अडकवा, खेचू नका, थँक्यू.' बोलतो एकच जण, तो.

एक शब्द असा आहे जो दोघांपैकी कुणीही कधीही म्हणू शकतं, 'बाहेर'. म्हटला की मी काही न विचारता बोट बाहेर काढते, कारण काय ते मोकळ्या पाण्यात गेल्यावर. विमानात पण बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत असते, दोघांपैकी कुठल्याही पायलटने गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर) म्हटलं की आधी वर जायचं, चर्चा नंतर.

हेडसेट घेतले का असं मागे काहीजणांनी विचारलं होतं. घेतले. ज्यांना बोटीवाले लोक 'मॅरेज सेव्हर' म्हणतात तेच, दोघांना एकाच वेळी बोलता येतं असे, वॉकीटॉकी नको कारण बटण दाबायला हात मोकळा कुठे असतो. फायदा खरंच आहे, घरात बसल्यासारख्या आवाजात बोलता येतं, डॉकवर तर मीटरचे आकडे कानातच येतात. माइकवर फोम हवाच नाहीतर वारा ऐकत बसायचं. पण खुणा आम्ही बंद केल्या नाहीत, बॅटरी ऐनवेळी संपते, आणि दुसरं म्हणजे हेडसेट असला की माणूस जास्त बोलायला लागतो, उगाच कॉमेंटरी. जे बोलायचं ते तेवढंच ठेवलंय.

जागा बदलून बघणं हे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. बऱ्याच बोटींवर पुरुष सुकाणूवर आणि बाई पुढे असं असतं, जड काम खरं तर पुढे आहे, आमचं उलटं आहे आणि बरं चाललंय, पण तरी अधूनमधून अदलाबदल करतो. तो व्हीलवर उभा राहिला तेव्हा त्याला कळलं की मला बोच्या पुढचं काहीच दिसत नाही, आणि मी पुढे गेले तेव्हा कळलं की साखळी हातात असताना मागे वळून बघणं किती अवघड आहे. त्यानंतर मी त्याच्याकडून दर दोन सेकंदांनी मान वळवायची अपेक्षा सोडली आणि त्याने आकडे न मागता द्यायला सुरुवात केली.

आता पुढचं काम मूरिंग बॉय (तळाशी पक्का केलेला तरंगता फुगा, ज्याला बोट बांधतात) उचलणं आणि रात्रीचं अँकरिंग. बॉय शेवटच्या क्षणी बोखाली गडप होतो, तिथे पुढच्याने बोटहुकच बॉयच्या दिशेने धरून ठेवायचा असं ठरवलंय, हुकचं टोक म्हणजेच खूण, हात मोकळा नसला तरी चालतो. रात्री खुणा दिसत नाहीत म्हणून हेडसेट मुख्य आणि टॉर्च बॅकअप, टॉर्च फक्त साखळीवर किंवा स्वतःच्या हातावर मारायचा, मागे वळताना आधी बंद करायचा, कारण एकदा डोळ्यात उजेड गेला की अंधाराला परत सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि सुकाणूवरचा माणूस तेवढा वेळ जवळजवळ आंधळा. लाल उजेडाचा हेडलँप त्याच्यासाठी काढून ठेवलाय, चंद्र नसलेल्या एखाद्या शांत रात्री ओळखीच्या जागेवर करून बघणार.