हिरव्या ठिपक्याचा बिल्ला

परदेशात येऊन राहिलेल्या बायकांच्या आमच्या क्लबचं वर्ष सप्टेंबरात उजाडायचं आणि जूनमध्ये मावळायचं. परदेशातल्या बदल्या बहुतेक करून मुलांच्या शाळेचं वर्ष बघून होतात, त्यामुळे बायकांचं येणंजाणंही त्याच दोन टोकांना. त्या शहरात मी सहा वर्षं काढली. म्हणजे सहा स्वागतं पाहिली आणि सहा निरोप. सहावा माझाच होता.

पहिल्या सप्टेंबरात मी गेले ती घरातल्या शांततेला कंटाळून. नवरा ऑफिसात, मुलगा शाळेत, सामानाची खोकी अजून जहाजावर. व्हिसाच्या कागदावर माझी नोंद ‘अवलंबित’ अशी होती. अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला तो शब्द रोज नव्याने टोचतो. हॉलच्या दारात एक वयस्क बाई टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, म्हणून पाहिलं, चुकलं तसं मला पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी ते बरोबर आलं, तेव्हाच त्यांनी ते बिल्ल्यावर लिहिलं आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका चिकटवला. पंधरा दिवसांत माझं नाव कुणी नीट उच्चारलं नव्हतं. घशात काहीतरी दाटून आलं, ते आजही आठवतं.

हिरवा ठिपका म्हणजे नवी सभासद. तो दिसला की जुनीने आपण होऊन जवळ जायचं, तिला एकटं उभं राहू द्यायचं नाही, आणि ‘तुमचे मिस्टर कुठे असतात’ हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्याजणी पाळायच्या. ‘तुला काय करायला आवडतं?’ असं मला त्या सकाळी तिघींनी विचारलं. कॉफीचे कप हातात धरून आम्ही दोन तास उभ्या होतो, पाय दुखले तरी बसावंसं वाटलं नाही.

प्रत्येक नवीला एक सोबतीण नेमून दिली जायची. माझी सोबतीण फिनलंडची, साठीच्या घरातली. दुसऱ्याच दिवशी ती घरी आली. आमचा पत्ता आणि अँब्युलन्सचा नंबर तिथल्या लिपीत कार्डावर लिहून तिने फोनच्या वर चिकटवला. मग मला घेऊन बसने बाजाराच्या चौकात गेली आणि म्हणाली, आता तू एकटी परत जा, मी मागच्या बसने येते. मी उतरले, थांब्यावर उभी राहिले, दहा मिनिटांनी तिची बस आली. खिडकीतून तिने हात हलवला तो एखादी शर्यत जिंकल्यासारखा. माझ्यासाठी शहर त्या दिवशी उघडलं.

‘कल्चर शॉक’ हा शब्द जगभर रुळवणारं भाषण एका बायकांच्या क्लबात झालं होतं, हे मला तिनेच सांगितलं. कॅलर्वो ओबर्ग हा मानववंशशास्त्रज्ञ ३ ऑगस्ट १९५४ रोजी रिओ दि जानेरोच्या विमेन्स क्लबमध्ये बोलला. जन्म कॅनडातला, पण आईवडील फिनलंडचे, म्हणून तिला त्याचा भारी अभिमान. हात कधी मिळवायचा, बक्षिशी किती द्यायची, आमंत्रण कधी स्वीकारायचं आणि कधी टाळायचं, अशा शेकडो बारीक खुणांवर आपलं जगणं उभं असतं. त्या एकदम नाहीशा झाल्या की माणूस घाबरतो, असं त्याचं म्हणणं. आधी मधुचंद्रासारखे काही आठवडे, मग चिडचिड आणि घरची ओढ, मग हळूहळू सावरणं. पुढे मी स्वागत समितीत आले तेव्हा हे मनात पक्कं ठेवलं. सप्टेंबरात हसतमुख असलेली नवी सभासद नोव्हेंबरात येईनाशी झाली, तर तिच्या दारी जायचं. स्वागताची खरी वेळ तीच असते, असं माझं ठाम मत आहे.

जूनचा कार्यक्रम वेगळ्याच सुरातला. जाणारीबद्दल अध्यक्षांनी बोलायचं नाही, जिचं तिने स्वागत केलं होतं तिने बोलायचं, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे भाषणात पदं, कामं असलं काही यायचं नाही. ताप आलेल्या रात्री डॉक्टर कुणी शोधून दिला, गाडी चालवायचा परवाना काढताना रांगेत सोबत कोण उभं राहिलं, हे यायचं. एक जपानी सभासद बोलायला उठली आणि तिला शब्दच सुचेनात. तिने जाणारीचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणालाच ते मोडवेना.

मागे एका टेबलावर हस्तांतराच्या वस्तू असायच्या. वेगवेगळ्या देशांचे प्लग, जड ट्रान्सफॉर्मर, मुलांचे लहान झालेले बर्फातले बूट, पानं सुटलेला शब्दकोश. माझ्या घरातला ट्रान्सफॉर्मर माझ्याआधी चार घरांत राहून आला होता.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत एक सभासद चार दिवसांत देश सोडून गेली. नवऱ्याची नोकरी अचानक संपली आणि व्हिसाही. आम्हाला कळलं ते मोबाइलवरच्या ग्रुपमधून तिचं नाव नाहीसं झालं तेव्हा. तिच्याशी मी आदल्या आठवड्यात एका क्षुल्लक गोष्टीवरून वाद घातला होता. तो राहिलाच. आमच्यातल्या एका शिक्षिकेने नंतर डेव्हिड पोलॉक यांचं सांगणं समजावलं. जगभर फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसोबत त्यांनी काम केलं होतं. निघण्याआधी रुसवे मिटवावेत, ज्यांनी हात दिला त्यांना तसं सांगावं, आणि माणसांचाच नव्हे तर जागांचा, पाळीव प्राण्यांचा, वस्तूंचाही निरोप घ्यावा, असं ते सांगत. तेव्हापासून आम्ही जूनची वाट पाहणं सोडलं. कुणी अवेळी निघाली, की चौघी का होईना, तिच्या खोक्यांच्या गराड्यात जाऊन बसायचो.

जाणाऱ्यांबद्दल लिहितेय खरी, पण सगळ्यात जास्त आठवतात त्या मागे राहणाऱ्या. दारात टेबल मांडणाऱ्या त्या बाईंनी तिथल्याच माणसाशी लग्न केलं होतं. बावीस वर्षं त्या तिथे होत्या आणि दर जूनला त्यांच्या दोनतीन मैत्रिणी विमानात बसायच्या. मी त्यांना एकदा विचारलं, कसं सहन करता? त्या म्हणाल्या, एका वर्षी ठरवलं होतं, दोन वर्षांसाठी आलेल्यांशी मैत्री करायची नाही. तो निश्चय सप्टेंबरातल्या पहिल्या सकाळी मोडला, कारण दारात एक मुलगी कडेवर बाळ घेऊन उभी होती आणि तिला कुठे बसायचं ते कळत नव्हतं.

माझा निरोप झाला त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी त्यांच्यासोबत मागे राहिले. बिल्ल्याचं प्लॅस्टिकचं पाकीट क्लबचं, आतला कागद आपला, असा हिशेब होता. मी माझ्या नावाचा कागद काढून पर्समध्ये ठेवला. त्याचा ठिपका वर्षभरानंतर कधीतरी गळून पडला होता, त्या जागी फिकट गोल उरला होता. बाईंनी गेलेल्यांची पाकिटं कोमट पाण्यात टाकली, मी ती पुसून वाळत ठेवली. मग त्यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि ठिपक्यांचा कागद पुढे केला. सप्टेंबरची तयारी त्या जूनमध्येच करून ठेवत.

आम्ही फारसं बोललो नाही. खिडकीबाहेर अजून उजेड होता. एकेका कोऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात मी हिरवा ठिपका चिकटवत गेले आणि त्या ती पाकिटात सरकवत गेल्या. तेवीस झाले तेव्हा ठिपके संपले.