दुसरी मात्रा

बुधवार, रात्री साडेअकरा

आजही तेच झालं. तालमीत माझुरेकच्या, म्हणजे तीन मात्रांच्या पोलिश लोकनाचाच्या, चार ओळी बऱ्या गेल्या आणि आमच्या वाद्यवृंदाला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांनी व्हायोलिनचा गज वर उचलला. "पोरी, तू मोजतेयस." एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

न मोजता वाजवायचं कसं? दादरा हातावर टाळी देत शिकले मी. त्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या, इथेही मोजणी तीनचीच, म्हणून लोकगीतं गोळा करणाऱ्या कोलबर्गनं एकोणिसाव्या शतकात उतरवून ठेवलेल्या चाली घेऊन आठवडाभर घासल्या. कागदावर तिन्ही मात्रा सारख्या दिसतात. पोलंडातल्या रादोम भागातल्या वाजवणाऱ्यांच्या हातात त्या तशा राहत नाहीत. एखादी आखडते, पुढची रेंगाळते, आणि कुठे रेंगाळायचं ते नाचणाऱ्याच्या पायावर ठरतं. ओबेरेक, माझुरेकचा वेगवान भाऊ, पळतो, त्यात चूक लपते. माझुरेकमध्ये लपत नाही.

मग म्हणाले, पुढच्या वेळी बासेत्ला घे, ते चेलोसारखं मोठं खर्जाचं वाद्य. म्हणजे मागे बसायचं आणि मोकळ्या तारांवर गज ओढायचा. मान हलवून हो म्हटलं.

ट्राम व्हिस्तुलाच्या पुलावर आली तेव्हा रडू आलं. मी इथली नाही म्हणून मागे बसवलं का? वॉर्सात इतकी वर्षं काढली, भाषा आली, आता एका मात्रेसाठी परकी ठरायचं? आईला फोन लावणार होते, नाही लावला. आजी असती तर वळिवड्याचं विचारलं असतं. १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं राहिली. तिथे कुणी असा पाय आपटत नाचायचं का? असो.

मागे बसवलं, हेच डोक्यात फिरतंय.

पण त्यानंतरचंही लिहायला हवं. तालीम संपताना आजोबा म्हणाले, आत्ताच धरून बघ. तेवढ्यात ती जाड वेणीवाली नाचणारी बाई वाद्यवृंदासमोर उभी राहिली आणि एक कडवं गायली. नोटेशन नाही, काही नाही. गावात नाच असाच मागायचे: समोर येऊन चाल गायची, व्हायोलिननं ती तिथल्या तिथे उचलायची. पहिल्या व्हायोलिननं उचललीसुद्धा. माझ्या हातात त्या जाड तारा. बोटं कुठे ठेवायची हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे नजर तिच्या टाचेवर गेली. टाच पडली आणि माझा गज तिच्याबरोबर पडला. दुसरी मात्रा केवढी लांब होती! ती मी मोजली नव्हती. पोटात कळली.

पुढच्या फेरीत विचार केला आणि हुकले. एकदाच जमलं.

आजोबांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. ते त्यांच्या व्हायोलिनच्या पेटीचं कुलूप लावत होते.

पुढच्या बुधवारी व्हायोलिन घरी ठेवून जाईन.