रत्नागिरीला मुलं न्यायची तर आधी पंचांग बघा, एजंट नंतर

सहलीच्या एजंटने आमच्या शाळेत येऊन जे रंगीत पत्रक दिलं, त्यावर तारापोरवाला मत्स्यालयाचा फोटो होता. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ सालचं, नाव मोठं, आणि करोनाच्या काळापासून बंद. दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत हे कोणाला माहीत असणार, या हिशेबानेच तो फोटो छापलेला. मुंबईत उतरल्यावर त्याचा माणूस म्हणतो, "सर, आज मेंटेनन्स चालू आहे." आज!

त्याच्या बदल्यात वाटेवरच्या एका खाजगी मत्स्यालयात 'सागरी विज्ञान प्रात्यक्षिक कार्यशाळा'. मुलामागे अडीचशे रुपये, ते वेगळे. प्रात्यक्षिक म्हणजे काय, तर निळा प्लास्टिकचा टब, त्यात वीतभर पाणी, ना हवेचा पंप, ना पाणी फिरायची सोय. आत दोन तारामासे आणि मूठभर शंख. मुलांनी रांगेत यायचं, तारामासा पाण्याबाहेर उचलून तळहातावर घ्यायचा, फोटो काढायचा, चला पुढचा. तारामाशाच्या खालच्या बाजूला बारीक नळ्यांसारखे शेकडो पाय असतात आणि जिवंत तारामासा ते हलवत असतो. इथे एकही हलत नव्हता. आठवीतल्या पोरीने विचारलं, "सर, हा मेला काय?" उत्तर द्यायला कार्यशाळावाला जागेवर नव्हता. सूक्ष्मदर्शक होता, पण काचेच्या कपाटात कुलूपबंद. किल्ली साहेबांकडे आणि साहेब पुण्याला.

असली कार्यशाळा घ्यायच्या आधी फोनवर विचारून घ्या: टाकीतलं पाणी फिरतं का, प्राणी पाण्यातच ठेवून ओल्या बोटाने हात लावू देता का, एका टाकीला किती मुलं, आणि सूक्ष्मदर्शकातून मुलं स्वतः काय बघणार. समोरचा अडखळला की सरळ नको म्हणा. पोरांना फसवलेलं लगेच कळतं, आणि उरलेल्या सहलीत ती मास्तरकडेही त्याच नजरेने बघतात.

त्यानंतर रात्रभर मुंबई-गोवा महामार्गाने बस. त्या रस्त्याबद्दल काही लिहायची ताकद नाही. ओकारीच्या पिशव्या जास्तीच्या न्या.

खरा संताप पुढे आहे. पत्रकात 'किनाऱ्यावर सागरी जिवांचे निरीक्षण' असं होतं. त्यासाठी पौर्णिमेला सकाळी साडेअकराला आम्हाला एका खडकाळ किनाऱ्यावर नेऊन उभं केलं. खडक कुठेत? सगळे पाण्याखाली. लाटा बंधाऱ्यावर आपटत होत्या, पोरं कठड्यावर पाय सोडून बसली होती, आणि गाईड म्हणत होता की आज पाणी जरा जास्त आहे. अरे बाबा, पौर्णिमेला त्या वेळी पाणी जास्त असणारच! भरती-ओहोटीचा धडा भूगोलाच्या पुस्तकात आहे, पोरांना पाठ आहे, फक्त गाईडला माहीत नाही.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. गावागावाप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ तिथल्या कोळ्याला विचारा. अष्टमीला याच हिशेबाने भर दुपारी ओहोटी येते, पण ती भांगाची. पाणी पुरतं मागे जातच नाही, खडक अर्धेच उघडे पडतात. उधाणाची ओहोटी, म्हणजे पाणी पार मागे नेणारी, हवी, शिवाय उजेडही हवा, तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी धरा. ओहोटी द्वितीयेला सकाळी साडेसातच्या आसपास, तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ. उधाणाचा जोरही पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त असतो. सहलीची तारीख यावरून काढा आणि मग मुख्याध्यापकांची सही घ्या.

दुसऱ्या दिवशी एजंटच्या माणसाला झोपू दिलं आणि आम्ही शिक्षकांनीच पोरांना त्याच जागी नेलं. साडेसहाच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं होतं. काय सांगू! खडकांच्या खळग्यांत समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, उघडलेली. ओलं बोट हळूच लावलं की बोटाला चिकटल्यासारखं होतं आणि फूल आत मिटतं. दुसऱ्याच्या शंखात राहणारे संन्यासी खेकडे, खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं. आमच्यातला भोयाचा पोरगा पूर्णेच्या डोहात जाळं टाकणारा. तो खेकड्याची चाल बघून म्हणाला, "सर, हा त घर घेऊनच पळते!" त्या तासाभरापुढे ती अडीचशे रुपयांची कार्यशाळा म्हणजे शुद्ध कचरा.

खडकांवर चप्पल चालत नाही, अनवाणी तर मुळीच नाही. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. कॅनव्हासचे बूट, तेही जुने. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर उचलू देऊ नका, त्यातली काही गोगलगाय विषारी काटा मारते. दगड उलटवला की होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात मरतात. घरी न्यायला काही गोळा करायचं नाही. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. ओहोटीची वेळ टळून अर्धा तास झाला की शिट्टी मारा आणि सगळ्यांना वर घ्या. पाण्यात उतरणं नाहीच. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याचे विद्यार्थी बुडाले, त्यामुळे समुद्र म्हटलं की परवानगीची फाइल अडते, आणि अडलीच पाहिजे. अर्जात 'पाण्यात न उतरता निरीक्षण' असं स्पष्ट लिहा आणि पालकांची संमतीपत्रं जोडा.

प्रयोगाचं सामान घरून न्या. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या बोरचं पाणी पोरांनी बाटलीत भरून आणलं होतं. धर्मशाळेच्या गॅसवर एका पातेल्यात समुद्राचं अर्धा लिटर आणि दुसऱ्यात बोरचं अर्धा लिटर आटवलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पातेल्याच्या तळाला पांढरा जाड थर बसला. बोरच्या पाण्याचा नुसता पापुद्रा. जन्मभर खारं पाणी प्यायलेली पोरं गप्प झाली! शाळेतलं सिल्व्हर नायट्रेट असेल तर दोन्ही पाण्यांत थेंब टाका, साका किती पडतो ते नुसत्या डोळ्याला दिसतं. बाजारातून जिवंत तिसऱ्या (खायचे शिंपले) आणा, समुद्राच्या गढूळ पाण्याच्या बादलीत सोडा. शेजारी तसल्याच पाण्याची, तिसऱ्या न घातलेली बादली ठेवा. काही तासांत तिसऱ्यांच्या बादलीतलं पाणी निवळलेलं दिसतं. या सगळ्याला मिळून शे-दोनशे रुपये लागले.

झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. मत्स्यालय आणि संग्रहालय दोन्ही आहे आणि देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. हे चुकवू नका. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा आणि माहिती सांगायला कोणी मिळेल का ते विचारा. टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस वगैरे बघितलं, छान आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता भाडं. एजंटने प्रत्येक मुलाचं पूर्ण तिकीट लावलं. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी रेल्वे सेकंड क्लासात ७५ टक्के सवलत देते. स्लीपरला शैक्षणिक सहलीची ५० टक्के मिळते, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ७५. एसटी शैक्षणिक सहलीला निम्मं भाडं घेते. एजंट हे कशाला सांगेल? नागपूर-मडगाव गाडी अकोल्यावरून थेट रत्नागिरीला जाते, मुंबईची उठाठेव वाचते. पण ती विशेष गाडी आहे आणि विशेष भाड्याच्या गाडीला सवलत लागू नसते. तेव्हा अकोल्याला आरक्षण खिडकीवर दोन्ही हिशेब मांडून बघा: थेट गाडी, नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वे. मुलं दमून रडणार असतील तर थेट गाडीच बरी, पैसे गेले तरी. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

माळकरी मुलं असतील तर धर्मशाळेत आधीच सांगून ठेवा, मासळीचा वास स्वयंपाकघरभर असतो. आणि ज्वारीचं पीठ सोबत न्या, तिकडे भाकरी तांदळाची.