भातखाचराकाठची कॉफी

नान हा थायलंडच्या उत्तरेचा, लाओसला खेटून असलेला प्रांत. बँकॉकहून रस्त्याने साधारण ६७० किलोमीटर. शहर एवढंसं. वाट फुमिन या बौद्ध मंदिरातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, जवळचं राष्ट्रीय संग्रहालय, त्याच्या आवारातली चाफ्याच्या झाडांची कमान, हे सगळं पायी फिरत सकाळी अकरापर्यंत उरकतं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, याला थाई पर्यटकाकडे ठरलेलं उत्तर असतं: कॅफे. तो शहरातलाच हवा असंही नाही. साठेक किलोमीटरवर पुआ, तिथून डोंगर चढून बो क्लुआ, आणि वाटेत जागोजागी लाकडी माची, बांबूचा पूल, खाली भात. नकाशा उघडला की कॉफीच्या कपाच्या खुणांची गर्दी दिसते आणि जो तो साडेचार ताऱ्यांचा.

ताऱ्यांच्या भरवशावर निघालेल्याची फसगत होते, कारण इथले कॅफे दोन जातींचे आहेत. एक दृश्य विकतो, दुसरा कॉफी. दोन्ही एकाच छपराखाली मिळणं विरळाच. दृश्यवाल्याचा पैसा जमिनीत, माचीत आणि पुलात गेलेला असतो. त्याचं गिऱ्हाईक एकदाच येतं, फोटो काढतं आणि जातं. त्याच्यासाठी रोज सकाळी दळणीची जाडी तपासत कोण बसेल? तारे देणारा मात्र डोंगराला देतो आणि ते कॉफीच्या नावावर जमा होतात. म्हणून निघण्यापूर्वी स्वतःशी ठरवावं, आज डोळ्यांसाठी जायचं की जिभेसाठी. एकाच फेरीत दोन्ही साधायला गेलं की बहुतेक वेळा दोन्ही निम्मंच हाती लागतं.

डोळ्यांसाठी जायचं असेल तर आधी महिना पाहावा. इथला भात बहुतेक पावसावरचा आणि बराचसा चिकट जातीचा. लावणी जुलैच्या आसपास, ऑगस्ट-सप्टेंबरात खाचरं गच्च हिरवी, ऑक्टोबरच्या अखेरीस पिवळी, नोव्हेंबरात कापणी. कोकणातल्यापेक्षा थोडं उशिराच. गंमत अशी की पर्यटकांचा लोंढा येतो तो डिसेंबरात, थंडीसाठी, आणि तेव्हा शेतात उरलेले असतात नुसते धसकट. कॅफेच्या पानावरचा हिरवागार फोटो खोटा नसतो, फक्त सप्टेंबरातला असतो. त्यासाठी नकाशावरचे फोटो ‘नवीन आधी’ लावून पाहावेत. लोकांनी गेल्या पंधरा दिवसांत टाकलेल्या फोटोत जो रंग असेल तोच आपल्याला मिळणार.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तर दृश्याच्या कॅफेचा विचारच सोडावा. डोंगरउतारावरची मक्याची शेतं आणि रान या दिवसांत जाळलं जातं, धूर खोऱ्यात अडकून राहतो आणि समोरचा अख्खा डोंगर करड्या पडद्यामागे जातो. घसा खवखवतो ते वेगळंच. या दिवसांत शहरातला काचा बंद असलेला, हवा शुद्ध करणारं यंत्र चालू असलेला कॅफे बरा. आत शिरताना ते यंत्र शोधावं; ते कोपऱ्यात उभं असतंच असं नाही.

महिन्यानंतर घड्याळ. पुआच्या खाचरांमागे दिसणारी दोइ फू खाची रांग पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्या मागून वर येतो, त्यामुळे नऊ-दहाला डोंगर म्हणजे नुसती काळी आकृती आणि फोटोतली माणसंही काळवंडलेली. तीननंतर उन्हं पश्चिमेकडून डोंगरावर पडतात, घळी-उतार उठून दिसतात. पण यातला पेच असा की बरेच कॅफे पाचला बंद होतात आणि शेवटची ऑर्डर साडेचारच्या सुमारास घेतात. म्हणजे हाती उरतो दीड तास, आणि पावसाळ्यात नेमका तोच पावसाचा वेळ. सकाळच्या ढगांचं मात्र उलटं. नोव्हेंबर ते जानेवारीत बो क्लुआजवळच्या सापानच्या दरीत धुकं बसतं ते ऊन चढेपर्यंतच. आठनंतर ते विरायला लागतं आणि सगळेच कॅफे काही आठच्या आत उघडत नाहीत. ज्याला धुकं हवं त्याने आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा. पुआहून पहाटे अंधारात घाट चढून येणं हा शहाणपणा नव्हे.

रस्त्याविषयी थोडं. पुआहून बो क्लुआला जाणारा १२५६ क्रमांकाचा रस्ता चांगला आहे, पण उभा आहे. नकाशावरची किलोमीटरं इथे फसवी; सपाटीवर लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरावा. भाड्याची स्कूटर दिवसाला २५०-३०० बाटला (बाट हे थाई चलन) मिळते, मात्र बिनगिअरच्या स्कूटरवर उतरताना सतत ब्रेक धरला की तो तापतो आणि पकडेनासा होतो. सावकाश उतरावं, ब्रेक अधूनमधून दाबून सोडावा, मध्ये थांबून गार होऊ द्यावा. दोघं जण आणि सामान असेल तर सरळ चारचाकी घ्यावी. वाहतूक डावीकडूनच असल्याने आपल्याला अडचण येत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का मात्र हवा. आणखी एक, नकाशा जवळची वाट म्हणून शेताच्या बांधावरून नेतो. क्रमांक असलेला रस्ता शक्यतो सोडू नये, शेवटच्या किलोमीटरला कॅफेची लाकडी पाटी शोधावी.

आता जिभेचं. थायलंडच्या दक्षिणेला, चुम्फोन-रानोंगकडे, रोबस्टा जातीची कॉफी पिकते. उत्तरेच्या डोंगरात अरेबिका. अफूच्या जागी दुसरं नगदी पीक यावं म्हणून १९६९पासून राजघराण्याच्या प्रकल्पांनी इथल्या आदिवासी गावांत फळबागा, भाज्या आणि कॉफी नेली. नान या बाबतीत चियांग राय प्रांताएवढं गाजलेलं नाही, पण थुंग चांग तालुक्यातल्या मनीफ्रुक या ह्मोंग आदिवासींच्या वस्तीतली गेशा जातीची कॉफी जाणकार मुद्दाम मागतात. शहरातल्या चांगल्या कॅफेत ती गाळून दिलेली मिळते. साध्या कपाच्या दुप्पट पैसे पडतात, आणि दूध-साखर घालायची असेल तर ते पैसे पाण्यात.

कॉफीचा कॅफे ओळखायला चव घ्यावी लागत नाही, गल्ल्यापाशी उभं राहून पाहिलं तरी पुरे. काउंटरवर वजनकाटा आहे का? पिशवीवर गावाचं नाव आणि भाजल्याची तारीख आहे का? ‘खुआ ऑन’ की ‘खुआ खेम’, म्हणजे कमी भाजलेली हवी की गडद, असं विचारतात का? यातली दोन उत्तरं होकारार्थी आली तर बसावं. गडद भाजलेली बर्फ-दुधात टिकते, कमी भाजलेली गाळून प्यावी. उलटं केलं की एकीची नुसती राख लागते आणि दुसरी दुधात हरवते.

बर्फाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण थायलंडात कॉफी म्हटली की आधी थंडच समोर येते. पेला मोठा, त्यात काठोकाठ बर्फ, वर कॉफी. माचीवर फोटो काढत वीस मिनिटं घालवली की खाली उरतं तपकिरी पाणी. फोटो आधी रिकाम्या टेबलाचे काढून घ्यावेत, मग ऑर्डर द्यावी. साखरेचंही तसंच. ‘वान नोय’, गोड कमी, असं सांगितलं तरी पेला गोडच येतो, कारण माणूस पाक कमी करतो पण गोड आटवलेलं दूध त्याच्या हिशेबी साखरेत नव्हे, दुधात मोडतं. खरोखर अगोड हवी तर ‘माय साय नामतान’ म्हणावं, आणि आटवलेल्या दुधाऐवजी ‘नोम सोत’, साधं ताजं दूध, घालायला सांगावं. एवढी उठाठेव नको असेल तर काळी गरम मागावी. ती बिघडवायला वाव कमी असतो. नानच्या आसपास कोकोही लावतात, पुआत त्यावरच चालणारा कॅफे आहे. अशा ठिकाणी कॉफी मागून नसतं धाडस करू नये, कोको प्यावा.

माझं मत विचाराल तर सगळ्यात खात्रीची जागा नव्या कॅफेत नसून बाजारातल्या जुन्या दुकानात आहे. ‘काफे बोरान’ म्हणजे जुन्या धर्तीची कॉफी. पूड कापडाच्या लांब पिशवीत घालून तीवर उकळतं पाणी ओतायचं, तळाशी आटवलेलं दूध. काळी थंड हवी तर ओलियांग. तिच्या पुडीत कॉफीबरोबर मका, सोयाबीन, तीळ असं काहीबाही भाजून घातलेलं असतं. कॉफीचा शौकीन नाक मुरडतो, पण वीस-तीस बाटला ती जे कबूल करते तेवढं पुरेपूर देते. सोबत पातळ चहाचा पेला बहुधा फुकट. ही दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारच्या आत आवरतात. त्यांची नावं नकाशावर इंग्रजीत शोधली तर सापडत नाहीत. ‘रान काफे’ हे शब्द थाई लिपीतून चिकटवून शोधावेत, किंवा सरळ सकाळच्या भाजीबाजारात जाऊन पथोंगकोच्या, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्यांच्या, कढईभोवतीची गर्दी गाठावी.

शाकाहारी माणसाला कॅफेतली खाण्याची बाजू अवघडच. केकमध्ये अंडं, जेलीत जिलेटिन आणि भाताच्या थाळीत मत्स्यसॉस धरूनच चालावं. नारळाचा केक अंडं खाणाऱ्याला चालतो. अंडंही नको असेल तर ताजी फळं आणि शहाळं.

राहिल्या किरकोळ गोष्टी, पण फेरी फुकट घालवणाऱ्या याच. कौटुंबिक कॅफे आठवड्यात एक दिवस बंद असतात, तो बरेचदा मधला वार. शनिवार-रविवारी धंदा असतो ना. बदलाची बातमी आधी दुकानाच्या फेसबुक पानावर येते, नकाशावर नंतर, कधी येतही नाही. १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला, आणि जानेवारीतल्या नववर्षाच्या सुट्टीत एक तर दार बंद किंवा रांग. काही दृश्याचे कॅफे दारातच वीस ते पन्नास बाट घेतात आणि ते पेयाच्या बिलातून वळते करतात. पावती फेकू नये. माणशी एक पेय ही अट बऱ्याच ठिकाणी असते, मुलांनाही लागू. थाई बँकेचा क्यूआर नसेल तर रोकड लागतेच, आणि परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क कापतं, म्हणून नान शहरातच एकदम काढून ठेवावेत. लाकडी घरातल्या कॅफेत चपला पायरीशी काढायच्या. आणि पुआच्या पुढे चढायला लागण्याआधी महामार्गावरच्या पीटीटी पंपावर थांबावं: पेट्रोल, स्वच्छ शौचालय, आणि पोपटाच्या चिन्हाचा अमेझॉन कॅफे, जिथली चव देशभर तीच असते.