व्हेक्टर चोख, तरी टी-पेशी कोऱ्याच

रोगप्रतिकारक टी-पेशींत व्हेक्टरने (जनुक पेशीत पोचवणारा, निकामी केलेला विषाणू) सीएआरचं जनुक घातलं होतं. पाचव्या दिवशी नमुना फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून तपासणारं यंत्र) लावला आणि आकडा आला 8 टक्के. म्हणजे शंभरातल्या जेमतेम आठ टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीएआर रिसेप्टर, म्हणजे कर्कपेशी ओळखणारं कृत्रिम प्रथिन, दिसत होता. त्याच दिवशी, व्हेक्टरच्या त्याच लॉटने केलेल्या निरोगी दात्याच्या पेशी 41 टक्क्यांवर होत्या. नमुना ल्युकेमियाच्या एका रुग्णाने संशोधनासाठी दिलेला होता, उपचाराची बॅच नव्हती. तरीही आकडा पाहून सगळे गप्प झाले, कारण सीएआर-टी (अशा पेशींची थेरपी) रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासूनच बनते. बॅच फसली तर फ्रीजरमधून दुसऱ्या कुणाची काढून देता येत नाही आणि आजार तोवर थांबत नाही.

मोजणी पाचव्या दिवशी करायचं कारण साधं आहे. व्हेक्टर घातल्यावर सुरुवातीला कणांबरोबर आलेलं प्रथिन पेशींना चिकटून राहतं आणि टक्केवारी फुगवून दाखवतं. खरा आकडा ते धुपून गेल्यावरच कळतो.

ट्रान्सडक्शन (व्हेक्टरने पेशीत जनुक घालणं) पडलं की पहिला संशय व्हेक्टरवर जातो आणि तो अनाठायी नसतो. लेन्टिव्हायरल (एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूपासून बनवलेला) व्हेक्टर नाजूक असतो. 37 अंशांवर ठेवला तर काही तासांतच त्याचं निम्मं बळ जातं. एकदा वितळवलेली कुपी परत गोठवली की टायटर (कार्यक्षम कणांचं प्रमाण) घसरतो. गाळण्यासाठी 0.45 मायक्रॉनचा पीईएस फिल्टर सोडून नायट्रोसेल्युलोजचा घेतला तर कण पडद्यालाच चिकटतात. त्यात पी24 (विषाणूच्या कवचाचं प्रथिन) मोजणाऱ्या एलायझा चाचणीचा आकडा दिशाभूल करतो: तो निकामी कण आणि सुटं प्रथिनही मोजतो, त्यामुळे भौतिक टायटर (एकूण कणांचा आकडा) उत्तम आणि पेशीत शिरणारे कण मोजकेच, असं सर्रास होतं. म्हणून लॉटची नवी कुपी काढून एचईके293टी या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर दहापटीने विरळ करत लावली आणि 72 तासांनी वाचली. 20 टक्क्यांहून कमी पॉझिटिव्ह असलेल्या वेल्सच (प्लेटमधले खळगे) हिशेबात धरल्या; त्यापुढे एकाच पेशीत दोन-तीन कण शिरतात आणि टायटर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. टायटर लेबलवर होता तेवढाच निघाला.

मग पेशींकडे वळलो. पद्धत नेहमीचीच होती. गोठवलेला अॅफेरेसिसचा (रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्याची प्रक्रिया) नमुना वितळवला, प्रत्येक टी-पेशीमागे 3 याप्रमाणे सीडी3/सीडी28 बीड्स (टी-पेशींना चेतवणारे बारीक मणी) घातले, आयएल-2 (टी-पेशी वाढवणारं प्रथिन) दिलं, दुसऱ्या दिवशी एमओआय 3 ने (पेशीमागे तीन कण) व्हेक्टर घातला आणि 32 अंशांवर 90 मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. व्हेक्टर न घातलेली एक वेल आम्ही नेहमी बाजूला ठेवतो. ती मायक्रोस्कोपखाली धरली आणि कोडं तिथेच सुटलं.

टी-पेशी नीट चेतवल्या गेल्या की त्या फुगतात आणि बीड्सभोवती द्राक्षाच्या घडासारखे गुच्छ करतात. इथे गुच्छ जवळजवळ नव्हतेच. लहान, गोल, निवांत टी-पेशी विखुरलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये तळाला चिकटून मोठ्या, ओबडधोबड पेशी पसरल्या होत्या आणि त्यांच्या पोटात साडेचार मायक्रॉनचे तपकिरी बीड्स भरलेले होते, एकेकीत पाच-सहा. त्या मोनोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) होत्या. परकं दिसेल ते गिळणं हे त्यांचं कामच. टी-पेशींसाठी मोजून घातलेले बीड्स त्यांनी गट्टम केले होते. राखून ठेवलेल्या वितळवलेल्या पेशी सीडी14ने (मोनोसाइट्सची खूण) रंगवल्या, तर मोनोसाइट्स 40 टक्क्यांच्या आसपास निघाल्या. केमोनंतर मज्जा सावरत असताना, विशेषतः जी-सीएसएफची (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) इंजेक्शनं चालू असतील तर, रक्तात त्या वाढतात. आणि अॅफेरेसिसचं यंत्र त्यांना लिम्फोसाइट्सबरोबरच गोळा करतं.

पण बीड्स कमी पडले म्हणून व्हेक्टर का अडावा? लेन्टिव्हायरस न विभागणाऱ्या पेशीतही शिरतो, हे 1996 मध्ये मेंदूच्या चेतापेशींवर दाखवलं गेलं आणि तेव्हापासून तो सगळ्याच निवांत पेशींत जातो असा समज पसरला. टी-पेशी त्याला अपवाद आहेत. आपल्या व्हेक्टरचं बाहेरचं आवरण व्हीएसव्ही-जी या दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचं असतं आणि त्याचं पेशीवरचं दार म्हणजे एलडीएल रिसेप्टर, कोलेस्टेरॉल आत घेणारा तोच. हे 2013 मध्ये उघड झालं. निवांत टी-पेशीवर हा रिसेप्टर फार थोडा असतो. ती चेतली की वाढतो. नव्याने चेतवलेल्या पेशींचा एक भाग सीडी25 (पेशी चेतल्याची खूण) आणि एलडीएल रिसेप्टर या दोन्हींसाठी रंगवला, तर दोन्ही खालीच होते. शिवाय मोनोसाइट्सनी व्हेक्टरही ओढून घेतला असणार. त्यांच्यातलं एसएएमएचडी1 नावाचं प्रथिन आतली डीएनए-बांधणी रोखतं, म्हणजे तिथे गेलेले कण वायाच.

अशा वेळी बीड्स वाढवावेत असं कुणालाही वाटेल, पण मोनोसाइट्स तेही गिळतात. व्हेक्टर दुप्पट केला तर मोजक्या चेतलेल्या पेशींवरच त्याचा मारा होतो, प्रत्येकीत जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशीमागे 5 प्रतींखाली राहण्याची जी मर्यादा पाळली जाते, ती धोक्यात येते. त्यामुळे मोनोसाइट्सच आधी काढायला हव्यात.

उरलेल्या गोठवलेल्या नमुन्याचे दोन भाग केले. एक भाग सीरमयुक्त माध्यमात प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये 37 अंशांवर दोन तास आडवा ठेवला. मोनोसाइट्स तळाला धरतात, वरच्या तरंगत्या पेशी हलक्या हाताने ओतून घ्यायच्या. फ्लास्क आपटला की चिकटलेल्याही सुटतात. दुसऱ्या भागातून सीडी4 आणि सीडी8 पेशी (टी-पेशींचे दोन प्रकार) चुंबकी पद्धतीने वेचून घेतल्या. पहिल्या भागाचं ट्रान्सडक्शन 27 टक्के आलं, दुसऱ्याचं 33. तेहतीस टक्क्यांना पॉइसनच्या हिशेबाने (कण पेशींत कसेही विखुरतात असं धरून) पॉझिटिव्ह पेशीमागे सरासरी 1.2 प्रती पडतात. दोन आठवड्यांनी, पेशीच्या डीएनएत न जोडला गेलेला सुटा डीएनए निघून गेल्यावर केलेली मोजणीही त्याच्याजवळच आली.

माझा कौल वेचून घेण्याकडे आहे, खर्च धरूनही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या नेक्सकार19 या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाल्यापासून भारतात ही थेरपी स्वस्त ठेवण्याची धडपड चालू आहे, आणि चुंबकी वेचणीचे अभिकर्मक महाग आहेत. वेचताना काही टी-पेशीही हातच्या जातात, म्हणून ज्यांच्या रक्तात त्या मुळात कमी आहेत, अशा रुग्णांसाठी फ्लास्कची पद्धतच हाताशी राहते. आता अॅफेरेसिस आला की बीड्सचा डबा उघडण्याआधी सीडी3 आणि सीडी14 ची टक्केवारी बॅच-रेकॉर्डवर लिहिली जाते, आणि सीडी14 जास्त दिसलं की वाट कुठली घ्यायची ते त्याच दिवशी ठरतं.